धुक्याचं वजन

१

लोकांना वाटतं, छपाई म्हणजे बटण दाबलं की झालं. त्या बटणाच्या आधी कुणीतरी खुर्चीत बसून डोळे फोडत असतं, हे कुणाच्या गावीही नसतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

डिझायनर मंडळींकडून फाईल येते ती नटूनथटून. पडद्यावर बघावी तर डोळे दिपतात. आत शिरून बघावं तर रंग छपाईचे नाहीत, कडेला कापायला जागा सोडलेली नाही, आणि नको असलेले थर तसेच कोंबलेले, घर बदलताना माळ्यावरचं सामान न बघताच गाडीत भरावं तसे. ते सगळं निस्तरायचं, थर एकत्र करून फाईल सपाट करायची आणि मग दाबायची. दाबायची म्हणजे कॉम्प्रेस करायची. जड फाईल मशीनला पचत नाही. निम्म्यात अडकते, आणि मग मास्तर काचेच्या दारातून डोकं आत घालून म्हणतात, "ताई, हिला जरा बारीक करा की. अंगावर बसलीय माझ्या."

मास्तर म्हणजे आमचं मोठं मशीन चालवणारे. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, तरी मला ताई म्हणतात. मालकही ताईच म्हणतात. हे खूळ माझ्या धाकट्या भावाने लावून दिलं. तो फोटोग्राफर. प्रेसमध्ये आला की फाटकापासूनच "ताईऽऽ" अशी आरोळी ठोकायचा, सगळ्यांचा चहा निम्मा निम्मा पिऊन जायचा. घरात त्याला बारक्या म्हणतात. आमच्या दारातून वाकून यावं लागतं एवढा वाढला, तरी बारक्याच.

दाबण्याचा नियम तसा सोपा आहे. जिथे काही घडत नाही ते हलकं होतं. कोरं आकाश, पांढरी भिंत, धुकं. कॉम्प्युटर म्हणतो, इथे सगळं सारखंच आहे, एकदाच लिहून ठेवतो आणि सुटतो. गर्दीचा फोटो मात्र दबता दबत नाही. प्रत्येक चेहरा वेगळा, प्रत्येकाचं वेगळं लिहावं लागतं.

म्हणून बारक्याचा धुक्याचा फोटो दबेना, तेव्हा मी आधी स्वतःवरच वैतागले.

२

काम मोठं होतं. एक डॉक्टरीणबाई लहान मुलांचा नवा दवाखाना काढत होत्या. मुलं जिथे थांबणार त्या खोलीची एक आख्खी भिंत त्यांना चित्राने मढवायची होती. "कार्टून नको, पोरं आधीच बावरलेली असतात. काहीतरी शांत द्या," असं त्यांनी मालकांना सांगितलं. बारक्याकडे धरणाच्या पाण्यावरचं धुकं होतं. पुढे दोन-चार दगड, थोडं पाणी, पार पलीकडे झाडांची पुसटशी रेघ आणि बाकी सगळं धुकंच. बाईंनी बघितलं आणि हेच, म्हणाल्या.

फाईल एवढी मोठी की पाठवता येईना. बारक्याने डिस्क आणून दिली, पण आत आला नाही. फाटकावरच्या वॉचमनच्या हातात देऊन परस्पर गेला. "चहा पण नाही घेतला," वॉचमन म्हणाला. त्यालासुद्धा नवल वाटलं होतं.

माझी खोली म्हणजे काचेचा पिंजरा. तीन बाजूंना भिंती, एका बाजूला काच, काचेपलीकडे मशीन. भिंती राखाडी रंगवलेल्या आहेत, अगदी ठरवून. आजूबाजूला दुसरा कुठलाही रंग असला की पडद्यावरचा रंग बघताना डोळा फसतो. नव्या माणसाला तिथे बसवत नाही. मला सवय झाली आहे.

फोटो सपाट केला, रंग बदलले, दाबला. वजन जेमतेम उतरलं. अंधारात काढलेल्या फोटोला कधी कधी रव्यासारखे बारीक ठिपके येतात, त्यांनी फाईल जड होते. म्हणून तो रवा साफ केला. पुन्हा दाबला. फरक शून्य.

भिंतीची छपाई उभ्या पट्ट्यांत होते. पट्टे शेजारी शेजारी चिकटवतात. म्हटलं, पट्टे पाडून एकेक दाबू. पाडले. पहिला पिसासारखा हलका झाला. दुसराही. तिसरा दाबताना पडद्यावरची, काम किती झालं ते दाखवणारी पट्टी भरता भरेना, पंखा घरघरायला लागला, आणि शेवटी आकडा आला तो बाकीच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज केली तरी त्याहून मोठा.

मी तिसरा पट्टा उघडला. वरपासून खालपर्यंत धुकं, तळाशी बोटभर पाणी. मोठा करून बघितला. आणखी मोठा केला. पडदाभर नुसतं राखाडी. खोलीच्या भिंती आणि पडदा यांतला फरकच कळेना.

मास्तर पाणी प्यायला आले होते, त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक केले.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"धुकं."

"आणि?"

"आणखी धुकं," ते म्हणाले. "ताई, जेवण केलंत का तुम्ही?"

३

जेवण झाल्यावर मी एक उद्योग केला. एरवी कुणी केला असता तर मीच हसले असते. तिसऱ्या पट्ट्याची एक प्रत काढली, त्यातलं सगळं चित्र पुसलं आणि एकाच राखाडी रंगाने तो पट्टा भरला. म्हणजे डब्यात बुडवून काढावा तसा. एक रंग, दुसरा नाहीच. असा पट्टा दाबला तर उरायला काही नको.

तो तेवढाच जड निघाला.

मग स्वतःलाच समजावलं की सॉफ्टवेअर बिघडलं असणार. बंद केलं, पुन्हा चालू केलं. मालकांच्या कॉम्प्युटरवर नेऊन बघितलं. तोच आकडा. माझ्या डोळ्याला तिथे एकच रंग दिसत होता. कॉम्प्युटर मात्र सांगत होता की इथे लिहिण्यासारखं खूप आहे.

बारक्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला.

"अरे, तुझ्या धुक्यात काय भरून ठेवलंयस? दबतच नाहीये."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हॅलो? आहेस का?"

"कितव्या पट्ट्यात आहे?" त्याने विचारलं.

भिंतीची छपाई पट्ट्यांत होते हे त्याला ठाऊक होतं, त्यात विशेष काही नव्हतं. पण मी म्हटलं होतं की फोटो दबत नाही. एकाच पट्ट्याचं काही बोललेच नव्हते.

"तिसऱ्या. डावीकडून."

"वर की खाली?"

"काय वर की खाली?"

"काही नाही," तो म्हणाला. मग पाणी प्यायल्याचा आवाज आला. "ताई, तू नुसती छाप. जास्त उघडझाक करू नकोस. सेव्ह तर अजिबात करू नकोस."

"सेव्ह न करता छापू कशी? तुला बरं नाहीये का? आई विचारते रोज, फोन का घेत नाहीस तिचा?"

"घेईन. आधी छापून होऊ दे."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढ्या बोलण्यात तो एकदाही हसला नव्हता. बारक्याला न हसता फोनवर बोलता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस उघडल्या उघडल्या मी पट्टे पुन्हा दाबायला घेतले. तिसरा हलका झाला. मी खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसले. बघा, सॉफ्टवेअरच. मग चौथा लावला, आणि पट्टी भरता भरेना.

वाटलं, काल नंबर टाकताना आपलीच गफलत झाली असेल. माणूस दमतो, तीनचा चार होतो. म्हणून मग खात्रीच करायची ठरवली. चित्राचे आडवे-उभे चौकोन पाडले, खिडकीच्या जाळीसारखे, आणि एकेक चौकोन वेगळा दाबून तोलला. सगळे हलके. एक जड. तो पाण्याच्या मधोमध होता. वही ओढली, चौकोन काढले आणि तिथे फुली मारली.

फाईल सेव्ह केली. पुन्हा तोलली. फुली एक चौकोन खाली आली.

पुन्हा सेव्ह केली. फुली तिरकी, उजवीकडे खाली.

मी माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा.

चित्रात खाली येणं म्हणजे काय, हे कळायला मला थोडा वेळ लागला. पलीकडचा काठ चित्रात वर असतो. मध्ये पाणी. अलीकडचा काठ, ते दगड, अगदी खाली. जे काही होतं ते खाली घसरत नव्हतं. ते जवळ येत होतं.

काचेपलीकडे मशीन खटखट करत होतं. मास्तर कुणाला तरी कागद सरळ लावायला सांगत होते. बाहेर भर सकाळ होती, रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची शिट्टी वाजत होती. मी उठून दार उघडं ठेवलं. एसीची हवा जाते म्हणून मालक ओरडतात, ते ओरडले. तरी उघडंच ठेवलं.

५

दुपारी डोकं दुखतंय सांगून निघाले आणि बारक्याकडे गेले. त्याची खोली एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. दार त्याने साखळी न काढता आधी फटीतून उघडलं, मला बघितलं, आणि माझ्या मागेही बघितलं.

आत पाऊल टाकलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं. खोलीत भिंत म्हणून दिसत नव्हती. वर्तमानपत्रं, जुनी पोस्टरं, फुलाफुलांच्या चादरी, खोके फाडून सपाट केलेले पुठ्ठे, बसचं वेळापत्रक, जे मिळेल ते त्याने डकवलं होतं. पलंगावरचं छतसुद्धा सोडलं नव्हतं. फ्रिजच्या दारावर स्टिकर. खिडकीच्या काचेवर रंगीत कागद. त्याच्या अंगातही चौकड्यांचा शर्ट, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. एरवी मी त्याला जोकर म्हटलं असतं.

"हे काय रे?"

"मोकळी जागा नको वाटते," तो म्हणाला. गाल आत गेले होते. डोळ्यांखाली कुणी अंगठा दाबून ठेवल्यासारखं काळं.

मी चहा करायला उठले. कपसुद्धा नक्षीचेच होते, पांढरा एकही नव्हता. चहा त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "तिथे धरणावर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. तेच तर आहे ना. तासभर उभा होतो मी, कुत्रंसुद्धा नव्हतं." कप त्याने तोंडाला लावला नाही. "पहिला फोटो काढला तर कॅमेरा तो लिहून घेईना. लाल दिवा लुकलुकतोच आहे. वाटलं, कार्ड गेलं. मग लिहिला. दुसरा काढला. त्याला आणखी वेळ."

"मग?"

"मग तिसरा काढलाच नाही. सामान उचललं आणि निघालो. घरी येऊन तोलून बघितलं तेव्हा सगळं वजन झाडांत होतं. लांब. मी साफसफाई केली, सेव्ह केलं. रंग नीट केले, सेव्ह केलं. मला काय माहीत?"

"अरे, पण म्हणून घाबरायचं काय? दिसत तर काही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला पण वाटतंय ना, दिसलं असतं तर बरं झालं असतं?"

मी खिडकीवरच्या रंगीत कागदाकडे बघितलं.

"कागद परत सेव्ह होत नाही, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "एकदा छापलं की ते जिथे असेल तिथे राहील. चिकटून. मग मी सुटलो."

"आणि ती भिंत कुठली आहे, माहितीये ना? बाई भिंतीला लागून बाकं टाकणार आहेत. बुटकी. पोरांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. पोरं पाठ टेकून बसणार त्या भिंतीला."

त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला झोप नाही गं. डोळे मिटले की पापण्यांच्या आत मोकळंच असतं ना सगळं. मला दुसरं काही सुचत नाही. तुला सुचतंय का? तू मोठी आहेस."

लहानपणी सायकलवरून पडला की असाच म्हणायचा. तू मोठी आहेस, तू सांग आईला.

६

मालक दोन्ही हात टेबलावर टेकून उभे होते. "ताई, उद्घाटनाची पत्रिका वाटून झाली त्यांची. भिंत उघडीनागडी आहे. धुकं तर आहे! एवढं काय कोरायचंय त्यात?"

"आज देते," मी म्हणाले.

छपाईच्या तयारीत आणखी दोन-तीनदा सेव्ह करावंच लागलं होतं, फुली आता दगडांपाशी होती. खालून तिसरी रांग.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. तसंच छापलं तर पोरांच्या पाठीशी. नाही छापलं तर फाईल बारक्याकडे परत, आणि त्याचे ते डोळे मी बघून आले होते. पुसून टाकावी, तर पुसल्यावर ते कुठे जातं हे कोण सांगणार? निदान इथे ते कुठे आहे हे मला दिसत तरी होतं. मग मनात आलं, सेव्ह केल्यावर ते पुढे येतं ना? तर येऊ दे. येऊ दे पार काठापर्यंत, काठाच्याही बाहेर. चित्राच्या कडेला आम्ही जास्तीची जागा ठेवतो, ब्लीड म्हणतात तिला. छापल्यावर ती कापून कचऱ्यात जाते. आणि ब्लीडच्या पलीकडे तर काही नसतंच. चित्र तिथे संपतं. जे संपलं त्याच्या बाहेर कोण कसा जाईल?

हा विचार मला त्या वेळी फार शहाणपणाचा वाटला.

सेव्ह केलं. फुली दगडांवर.

सेव्ह केलं. दगडांच्या अलीकडे.

सेव्ह केलं. ब्लीडमध्ये. बोटभर रुंदीची ती राखाडी किनार, तिच्यात सगळं वजन.

मशीन तेवढ्यात थांबलं होतं, मास्तर शाई भरत असणार. एसीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. अजूनही हात मागे घेता आला असता, हे मला कळत होतं. मी खोलीत नजर फिरवली. डावी भिंत राखाडी, उजवी राखाडी, मागची राखाडी. इतकी वर्षं त्या भिंतींकडे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या बघण्यासाठी नव्हत्याच.

सेव्ह केलं.

पट्टी भसकन भरली. सगळे चौकोन तोलले. हलके. सगळेच्या सगळे. आख्खी फाईल दाबली तर चिमणीएवढी झाली. मी खुर्चीतच सैल झाले, डोळ्यांत पाणी आलं.

शेजारी गिऱ्हाइकांसाठी एक खुर्ची असते, ती "हुस्स" करून खाली बसली. तिचा गॅस गेला आहे. ती अधूनमधून आपली आपणच बसते. मालकांना किती वेळा सांगितलं आहे, बदला म्हणून.

७

छपाई झक्कास झाली. मास्तर पट्टे गुंडाळताना म्हणाले, "बघा, बारीक झाली की कशी लोण्यासारखी चालली." मी स्वतः दवाखान्यात गेले, पट्टे चिकटवताना समोर उभी राहिले. उद्घाटनाच्या दिवशी एक पोरगी बाकावर उभी राहून त्या दगडांवर बोट ठेवत होती, मोजत होती. डॉक्टरीणबाईंनी माझे हात हातात घेतले. "किती मोकळं वाटतंय इथे," म्हणाल्या.

मला खरंच बरं वाटलं. एवढंच की त्या आठवड्यात घरी जाताना चढावर स्कूटर दम टाकत होती, मागे कुणी बसल्यावर टाकते तशी. चाकात हवा भरून घेतली.

बारक्या घरी आला तो पाठीला पिशवी लावूनच. आईने दारातच त्याचं तोंड कुरवाळलं, वाळलाय, काळवंडलाय, सगळं बोलून घेतलं. ती आत गेल्यावर त्याने मला खिडकीपाशी गाठलं.

"छापलंस?"

"छापलं."

"तसंच ना? काही बदललं नाहीस?"

त्याच्या तोंडाकडे बघून माझ्याने खरं बोलवलं नाही. "तसंच," मी म्हणाले.

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की खिडकीचा पडदा हलला. त्या दुपारी तो झोपला तो थेट दिवेलागणीला उठला. जेवताना आईच्या ताटातलं पळवलं. शेजारच्या काकांची नक्कल केली. आई हसता हसता पदराने डोळे पुसत होती. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. एक खोटं बोलावं लागलं. एवढ्याशा खोट्याने काय होतंय?

बारक्याला मागची खोली दिली. तिथे बाबांचा जुना मोठा पलंग आहे, भिंतीला लावलेला.

८

आईला घरात माणूस आलं की घर रंगवायची हुक्की येते. रंगारी म्हणाला, आधी भिंतींचे फोटो पाठवा, मग येतो. रविवारी सकाळी ती फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती. मी हॉलमध्ये केस विंचरत बसले होते.

"अगं, हा फोटो जात का नाही?" ती चष्म्यावरून फोनकडे बघत बाहेर आली. "हॉलचा गेला. स्वयंपाकघराचा गेला. हा एकच अडकून बसलाय. फाईल फार मोठी आहे म्हणतो मेला. नुसती भिंत तर आहे!"

मी फोन घेतला. मागच्या खोलीतली, पलंगावरची भिंत. पांढरी. साधा खिळासुद्धा नाही तिच्यावर.

"बारक्या उठला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"कसला उठतोय. घोरतोय. मी पाय न वाजवता काढला फोटो." तिने फोन माझ्या हातून परत घेतला. "थांब, हॉलचा पण पुन्हा काढते. त्यात माझं बोट आलंय."

मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. खिडकीतून ऊन आलं होतं, थेट पलंगावर. बारक्या कुशीवर झोपला होता, पलंगाच्या अगदी कडेला, एक हात खाली लोंबत होता. एवढा मोठा पलंग असून तो कडेला का, असं मनात आलं आणि तिथेच कळलं. माणूस असा झोपतो तो शेजारच्याला जागा करून देताना.

भिंतीकडची बाजू रिकामी होती. चादर पांढरीशुभ्र, आईने कालच घातलेली. पण ती सपाट नव्हती. मध्ये गादी खोल दबली होती, चादरीच्या सुरकुत्या चहूबाजूंनी त्या खळग्याकडे ओढल्या गेल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं, जुनी गादी आहे, कापूस बसला असेल. बाबा त्याच बाजूला झोपायचे.

मी बघत असताना खळगा भरून आला. हळूहळू. सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या, चादर वर उचलली गेली आणि गादी सपाट झाली. कुणीतरी दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून जपून उठावं, तसं.

बारक्या झोपेतच सुस्कारला आणि ऐसपैस पसरला.

त्या खोलीला दार एकच आहे, आणि त्या दारात मी उभी होते. समोर फक्त ऊन होतं, पांढरी भिंत होती, आणि पलंग ते दार एवढी मोकळी जागा. दार लावून घ्यावं असं वाटलं. हात हलला नाही. मग हलले ते पायच. कुणी जायला निघालं की आपण नकळत वाट देतो, तशी मी बाजूला सरले.

अंगावरून काही गेलं नाही. वारासुद्धा नाही. फक्त माझ्या पायाजवळची फरशी, सैल आहे ती, एकदा खाली दबली आणि "टक्" करून वर आली.

हॉलमधून आईचा आवाज आला.

"अगं, ऐकलंस का? आता हॉलचाही जाईना बघ."